आदिलाबादचा बर्फ

आदिलाबादेत विकल्या जाणाऱ्या पाण्याच्या कितीतरी बाटल्यांवर बर्फाच्छादित शिखरे असतात. उन्हाळ्यात पारा 45 च्या आसपास रेंगाळणाऱ्या गावाला बर्फ दिसतो तो एवढाच, तेव्हा कुरकुर करणे कृतघ्नपणाचे. त्या शिखराखालचा झरा मात्र शोधायला जाऊ नये. बाटलीवर मुंगीएवढ्या अक्षरांत आयएस 14543 हा मानक क्रमांक असेल, तर ते नुसते ‘पॅकबंद पिण्याचे पाणी’. बोअरचे असो की नळाचे, शुद्ध करून भरले की झाले. उगमावरच भरलेल्या नैसर्गिक खनिज पाण्याचा क्रमांक निराळा, 13428. पण गिऱ्हाईक चित्र बघते, क्रमांक कोण वाचतो?

जिल्ह्यात पाण्याला पडायला जागा नाही असेही नाही. नेरडिगोंडाजवळ कडेम नदीवरचा कुंतला धबधबा सुमारे 45 मीटरवरून कोसळतो. त्याच्यासमोर उभे राहून पर्यटक बाटलीतला ‘झरा’ पितात आणि रिकामी बाटली तिथेच ठेवतात. धबधब्यालाही तहान लागत असावी.

पौष अमावास्येच्या नागोबा जत्रेसाठी मेसराम कुळातले गोंड अनवाणी चालत जन्नारमजवळच्या हस्तिनामडुगूला जातात आणि पितळी झारीत गोदावरीचे पाणी भरून केस्लापूरला आणतात. उगम ठाऊक, भरणारे ठाऊक, वाट ठाऊक. पण लेबल नाही, बारकोड नाही, आणि बर्फ तर नाहीच. कुठला दुकानदार फ्रिजमध्ये जागा देईल?