कपाळाची हद्दवाढ

सुरत महापालिकेने २००६ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये आपली हद्द वाढवली. हद्दवाढीत गाव एकदा आत आले की त्याला शहरासारखेच पाणी, गटार आणि झाडलोट द्यावी लागते. कालपर्यंत तिथे शेत होते, ही सबब चालत नाही. कपाळाचीही अशीच हद्दवाढ होते. फक्त तिच्यासाठी ठराव होत नाही आणि हरकती-सूचनाही कुणी मागवत नाही. केस मागे सरत जातात, कपाळ शेंडीच्या जागेपर्यंत पोचते आणि मालकाचा साबण मात्र जुन्या वेशीवरूनच परत फिरतो. टकलाला सुटणारी खाज ही नव्याने हद्दीत आलेल्या रहिवाशांची तक्रार आहे, आणि ती रास्त आहे. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की टक्कल डोके म्हणून नव्हे, चेहरा म्हणून सांभाळावे.

याला शरीरशास्त्राचा आधार आहे. वयाबरोबर येणाऱ्या नेहमीच्या टकलात केसाचे मूळ बारीक होत जाते, पण त्याला चिकटलेली तेलग्रंथी जागेवरच राहते आणि इमानेइतबारे तेल सोडत राहते. पूर्वी हे तेल केसांवर पसरायचे. आता ते कातडीवरच साचते आणि मालकाला आरशासारखी चकाकी बहाल करते. या तेलावर मॅलासेझिया नावाची बुरशी जगते. ती प्रत्येकाच्या डोक्यावर असते, केसाळांच्याही. तेल पचवताना ती जी आम्ले मागे टाकते त्यांनी काहींची कातडी चिडते, खवले सुटतात, खाज येते. म्हणजे केस गेले तरी कोंडा जात नाही. फक्त त्याची लपायची जागा जाते.

आता हे डोके सुरतजवळच्या कडोदऱ्याच्या चौकडीवर उभे करून पाहा. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि सुरत-बारडोली रस्ता इथे एकमेकांना छेदतात, आसपास कापड रंगवण्या-छापण्याच्या मिला आहेत, आत वाफ आणि बाहेर धूळ. जळगाव-धुळ्याकडून या भागात पोटासाठी आलेल्या माणसाला ऊन नवे नसते. नवा असतो तो समुद्राकडून येणारा दमटपणा, ज्यात घाम येतो पण वाळत नाही. त्यात कडोदरा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्याला भरदुपारी सूर्य खरोखरच डोक्यावर येतो. अशा वेळी नाकाला कपाळाची थोडी तरी सावली मिळते. टकलाला वर कुणीच नाही. उन्हाने भाजलेली कातडी दोन दिवसांनी सोलते, खाजते, आणि लोक तिला कोंडा समजून तिच्यावर लिंबू चोळतात. लिंबातली काही द्रव्ये कातडीवर राहिली आणि वरून ऊन पडले, तर चट्टे उठतात, फोड येतात. घरगुती उपाय इथे घरातच बरा; चौकडीवर नको.

पहिला आक्षेप ठरलेला आहे: केसच नाहीत तर शाम्पू कशाला? कारण शाम्पू तेल धुतो, आणि तेल हजर आहे. साध्या खाजेला सौम्य साबण, गार पाणी आणि टिपून कोरडे करणे पुरते. कोंडा असेल तर केटोकोनॅझोलचा औषधी शाम्पू आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटे ठेवून धुवावा. लावला-धुतला केले तर पैसे गटारात जातात. दुसरा आक्षेप आजीच्या बाजूने येतो: तेल जिरवा, थंडावा येईल. आजीबद्दल पूर्ण आदर राखून सांगतो, की या बुरशीच्या बहुतेक जाती प्रयोगशाळेत वाढवायच्या तर त्यांच्या खाद्यात तेल किंवा चरबी घालावीच लागते. बाजारातले थंड तेल थंड वाटते ते मेंथॉलमुळे. ते गारव्याची जाणीव करून देणाऱ्या नसांना फसवते, डोक्याचे तापमान तेवढेच राहते. तिसरा पक्ष नखांचा. खाजवण्याने बरे वाटते हे खरेच, कारण नखाची बारीक वेदना खाजेला दाबते. पण ओरखड्याने कातडी फाटते आणि तासाभरात खाज व्याजासकट परत येते. उरली टोपी. ती उन्हाला उत्तम, पण घामट टोपी रोज धुवावी लागते आणि हेल्मेटचे अस्तरही. ज्यांच्या नावाने टोपी प्रसिद्ध झाली त्या गांधीजींनी १९२१ मध्ये ती सोडली आणि पुढे टक्कल उघडेच ठेवले; मात्र प्रत्येकाला तो त्याग झेपेल असे नाही. इतरांनी चेहऱ्याला लावतात तेच सनस्क्रीन वरही न्यावे.

शेवटचा आक्षेप गंभीर चेहऱ्याने येतो: खाज ही काय दखल घेण्याची गोष्ट आहे? सुरत-भुसावळ रेल्वेने पुढे शेगावला जाऊन विचारा. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या सुरुवातीला त्या तालुक्यातल्या गावांत आधी डोके खाजले आणि काही दिवसांत मूठ-मूठ केस गेले, बायकांचे आणि मुलांचेही. वैद्यकीय संशोधक डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. गंमत अशी, की कोंड्यावरच्या एका जुन्या शाम्पूत सेलेनियमचेच संयुग असते. डोक्याला बाहेरून लागले तर औषध, पोळीतून पोटात गेले तर आपत्ती. यावरून खाजेचे कारण शोधावे लागते, नुसती खाज मारून भागत नाही, एवढे तरी पटावे.

उपायांनी चार आठवड्यांत खाज थांबली नाही, किंवा खरखरीत, न भरणारा ठिपका दिसला, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. अडचण एकच: आपले टक्कल सगळ्या जगाला दिसते, आपल्याला सोडून. तेव्हा बायकोने किंवा न्हाव्याने वरच्या भूभागावर काही टोमणा मारला तर रागावू नये. फुकटात झालेली ती तपासणीच आहे. फक्त ठिपका नेमका कुठे आहे तेवढे विचारून घ्यावे.