बारा नंबरवाल्यांची मारुती

"वहिनी, ऐकलंत का? बारा नंबरचे काका गाडी दान करायला निघालेत."

वहिनी भिंतीपलीकडे कुरडया उलटत होत्या. त्यांचा हात तसाच राहिला. "कुठली? ती ताडपत्रीखालची?"

"तीच की. मारुती आठशे, २००५ ची."

"अहो, दर उन्हाळ्यात मांजर बाळंत होते तिच्यात. ती कुणाला देणार, मांजरीला?"

आमची गल्ली पुण्यात, गंगाधामच्या अलीकडची. बैठे बंगले, कमरेएवढ्या भिंती. बंगले बांधले तेव्हा लोकांकडे लुना होत्या, त्यामुळे गाडीसाठी जागा कुणीच सोडलेली नाही. मार्केट यार्डातून सुटलेला एखादा टेम्पो चुकून आत शिरला की तो आणि काकांची मारुती समोरासमोर येतात, आणि माघार टेम्पोलाच घ्यावी लागते. काकू गेल्यापासून गाडी जागची हललेली नाही. मध्यंतरी महापालिकेच्या माणसांनी बेवारस वाहन म्हणून काचेवर नोटीस चिकटवली, तेव्हा काका बनियनवरच रस्त्यावर आले होते. "बेवारस कसली? मी इथे उभा आहे ना!"

"मग हे दानाचं डोक्यात आलं कुठून?" वहिनींनी कुरडयांची पाटी भिंतीवर ठेवली. आता बैठक लांबणार, हे मी ओळखलं.

"कुठून म्हणजे? न्यू जर्सीहून. मुलाने सांगितलं. तिकडे म्हणे एक फोन केला की ट्रक येतो, दारातून गाडी ओढून नेतो, फुकट, आणि वर करासाठी पावती. त्याने स्वतःची जुनी टोयोटा अशीच एका रेडिओ स्टेशनला दिली."

"रेडिओला गाडी कशाला? गाणी घरपोच करायला?"

मलाही तोच प्रश्न पडला होता. आमच्या ह्यांचा जन्म विमा कंपनीत गेला, त्यामुळे गाडी म्हटलं की ते पेपर खाली ठेवतात. त्यांनी समजावलं ते असं. अमेरिकेत श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणारी सार्वजनिक रेडिओ केंद्रं आहेत, ती खरंच गाड्या घेतात. पण त्या गाडीत बसून रेडिओवाला कुठेही जात नाही. मधली एक कंपनी गाडी उचलते, लिलावात काढते, अगदीच मोडकी असली तर भंगारात घालते, आपला हिस्सा ठेवून घेते आणि उरलेले पैसे संस्थेला पोचवते. पूर्वी लोक वाट्टेल ती किंमत लावून करात सूट घ्यायचे. म्हणून २००५ पासून तिथल्या सरकारने नियम आवळला. पाचशे डॉलरच्या वर सूट हवी असेल, तर साधारणपणे संस्थेने गाडी विकून जेवढे पैसे आले तेवढीच धरायची. देणाऱ्याला तसा छापील फॉर्म मिळतो.

"म्हणजे तिकडेही कुणी गाडी वापरत नाही!"

"नाही ना. विकतात. फक्त विकण्याची कटकट दुसरा करतो."

वहिनी खुशीत हसल्या. अमेरिकेतलं काहीतरी आपल्यासारखंच निघालं की त्यांना बरं वाटतं.

आता इकडची गोष्ट. काकांनी मुलाचं मनावर घेतलं आणि डायरी उघडून संस्थांना फोन लावायला बसले. वृद्धाश्रम झाले, मुलांची वसतिगृहं झाली. सगळे गोड बोलले. एका ठिकाणच्या बाईंनी मात्र सरळ विचारलं, "काका, गाडी चालू आहे का? ड्रायव्हरचा पगार, पेट्रोल, विमा, दुरुस्ती कोण बघणार? आमच्याकडे वीस मुलं आहेत, मारुतीत चार बसतील. तुम्ही त्यापेक्षा तांदूळ द्या." काकांना ते लागलं. दोन दिवस कट्ट्यावर आले नाहीत. पण खरं सांगू का वहिनी, त्या बाईंचंच मला पटलं. आपल्याला नको झालेली वस्तू दुसऱ्याच्या दारात नेऊन उभी केली म्हणजे दान होत नाही, आपली अडगळ फक्त पत्ता बदलते. दिवाळीत कामवाल्या मावशींना फाटका स्वेटर देणाऱ्या बायका आपण पाहिल्यात.

"पाहिल्यात," वहिनी म्हणाल्या आणि नऊ नंबरच्या खिडकीकडे बघून घेतलं.

"चालू गाडी असती तर वेगळं. एखादी इको किंवा ओम्नी, कागद चोख, टायर बरे, अशी गाडी संस्था आनंदाने घेते. पेशंटला ने-आण करायला, भाजी आणायला. पण तिथेही लोक एक घोळ घालतात."

"कुठला?"

"किल्ली देतात, फोटो काढतात, पेढे खातात आणि घरी येतात. आरटीओत नाव बदलतच नाहीत."

इथे आमचे हे स्वतःच अंगणात आले. गाडीचं नाव हा त्यांचा हळवा विषय. भिंतीला हात टेकून त्यांनी वहिनींना सुनावलंच. "कायद्याने जंगम वस्तूची भेट हातात दिली की पुरी होते. पण अपघात झाला की कोर्ट बघतं आरसीवर नाव कुणाचं ते. सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल आहे, नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार. विजयकुमारने गाडी २००७ ला विकली, ती पुढे हातोहात फिरली, २००९ मध्ये भलत्याच्याच ताब्यात असताना तिच्याखाली माणसं आली. भरपाई कुणी द्यायची? आरसीवर विजयकुमारच होता, त्यानेच. म्हणून दान असो की विक्री, फॉर्म एकोणतीस आणि तीस भरायचे, राज्यातल्या राज्यात असेल तर देणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं, आणि बँकेचा बोजा असेल तर तो आधी उतरवायचा. संस्थेने ठराव करून गाडी आपल्या नावावर घ्यायची. स्मार्ट कार्ड त्यांच्या नावाचं आलं की मग पेढे."

एवढं बोलून हे आत गेले. चहा ठेवायला सांगून गेले.

"पण काकांच्या गाडीचं नाव तरी आता बदलेल का?" वहिनींनी बरोबर बोट ठेवलं. "पंधरा वर्षं झाली की पासिंग संपतं ना?"

संपतं. काकांनी २०२० मध्ये पाच वर्षांसाठी करून घेतलं होतं, तेही संपलं. आता पुन्हा करायचं तर वीस वर्षांवरच्या मोटारीला केंद्राने २०२५ च्या ऑगस्टमध्ये फी दहा हजार केली, त्यावर पर्यावरण कर, उशिराचा महिन्यागणिक दंड, विमा, पीयूसी, आणि ती नवी नंबरप्लेट, जिच्यासाठी अख्खं पुणं मुदतवाढीची वाट बघत बसलं होतं. बरं, एवढं करून हातात काय, तर मारुती आठशे. ही गाडी पुण्यात २०१० पासून विकायचीच बंद झाली, धुराचे भारत चारचे नियम आले तेव्हा. कंपनीने २०१४ ला बनवणंही थांबवलं. नाना पेठेत पार्ट मिळतील अजून, पण संस्थेने मुलं सांभाळायची की नाना पेठेत फिरायचं?

"आणि करात सूट?" वहिनींचे दीर सीए आहेत, त्यांना हे विचारल्याशिवाय राहवत नाही.

"तुमच्याच भाऊजींना विचारलं काकांनी. शून्य. आपण ८०-जी म्हणतो ती सूट फक्त पैशाच्या देणगीला. गाडी द्या, धान्य द्या, कपडे द्या, पुण्य मिळेल, सूट नाही. रोखीत दोन हजारांच्या वर दिलेत तरी नाही. आणि नव्या करप्रणालीत गेलेल्यांना तर मुळातच नाही. काका जुन्यातच आहेत म्हणा, ते कुठलीच जुनी गोष्ट सोडत नाहीत."

तेव्हा शेवटी ठरलं ते भाऊजींच्या सांगण्यावरूनच. गाडी सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्यायची, पैसे आले की तेवढ्याच रकमेचा चेक त्या तांदूळवाल्या बाईंच्या संस्थेला. गाडी कुणालाच नको, पैसे सगळ्यांना हवेत, आणि चेकची पावतीही चालते. अमेरिकेतला ट्रकवाला जे मधे बसून करतो ते इथे आपलं आपण करायचं.

"भंगारवाला तर रोज ओरडत जातो दारावरून. त्याला देऊन टाकायची."

"नाही हो! तीच तर मेख आहे." इथे मी वहिनींना जरा जवळ बोलावलं, कारण गल्लीतल्या एकांनी हेच केलंय आणि त्यांची खिडकी उघडी होती. रस्त्यावरचा भंगारवाला रोख पैसे देतो, पण आरटीओच्या नोंदीत गाडी जिवंतच राहते. तिचा चेसिस नंबर उद्या एखाद्या चोरीच्या गाडीवर चढला तर पोलीस कुणाकडे येणार? २०२१ च्या नियमांनी मान्यताप्राप्त केंद्रं आली, पुण्यात टाटा मोटर्सनेही एक काढलंय २०२५ मध्ये. तिथे आधी गाडीतलं पेट्रोल, ऑइल, बॅटरी, एसीचा गॅस काढतात, मग तुकडे. चेसिस नंबरचा पत्रा कापून वेगळा ठेवतात. गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं, नोंदणी रद्द होते, पैसे मालकाच्या बँकेत. त्या प्रमाणपत्रावर नवीन गाडी घेणाऱ्याला नोंदणी फी माफ आणि रोड टॅक्समध्ये सवलत. केंद्राने खासगी गाडीला पंचवीस टक्क्यांपर्यंत मुभा दिलीय, किती द्यायची ते राज्याने ठरवायचं. काकांना नवी गाडी घ्यायची नाही, पण ते प्रमाणपत्र दुसऱ्यालाही देता येतं. सात नंबरवाले आत्तापासून काकांना सकाळी दूध आणून द्यायला लागलेत, ते उगाच नाही.

"तरीच!" वहिनींना दुधाचं कोडं बरेच दिवस पडलं होतं. "किती येतील हो?"

"वजनावर असतं. आठशेचं वजनच मुळी साडेसहाशे किलोच्या आसपास. लाखाची स्वप्नं नकोत. पण महिन्याचा तांदूळ होईल त्या मुलांचा."

"मग अडलंय कुठे? ताडपत्री तर अजून तशीच आहे."

इथे मी चहाला जाऊन आले, कारण पुढचं सांगायला उभं राहायची ताकद लागते. झालं असं, की काकांनी कागद काढले आणि भाऊजींनी आरसी उलटीपालटी करून बघितली. गाडी काकांच्या नावावर नाहीच. काकूंच्या नावावर.

"अगंबाई!"

"काकू सरकारी नोकरीत, त्यांच्या ऑफिसच्या कर्जातून घेतली होती तेव्हा. चालवायचे मात्र काका. काकू गेल्या तेव्हा महिन्याभरात आरटीओला कळवायचं असतं, तीन महिन्यांत फॉर्म एकतीस भरून वारसाच्या नावावर करायची असते. त्या दिवसांत कोण गाडीच्या मागे लागतंय? राहून गेलं. आता मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, आणि दुसऱ्या वारसांची संमती लागणार."

"दुसरे वारस म्हणजे मुलगी. ती तर कोंढव्यातच आहे, येईल रिक्षाने."

"आणि मुलगा, न्यू जर्सीचा. त्याने तिथे संमतीपत्र करायचं, न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीकडून साक्षांकित करून घ्यायचं, मग मूळ कागद इकडे पाठवायचा. काकांनी कळवल्यावर तो म्हणाला, बाबा, मला इथे सुट्टी काढावी लागेल, डिसेंबरात येतोच आहे तेव्हा सही करतो."

वहिनींनी पाटी उचलली, आभाळाकडे एकदा बघितलं. "डिसेंबर? मग काकांना सांगा, ताडपत्री बदलून घ्या म्हणावं. ही या पावसाळ्यात टिकत नाही. आणि सात नंबरवाल्यांना हे सांगू नका, निदान दूध तरी चालू राहील."