अर्धी सहल गाइडची, अर्धी खरेदीची
झुरिकहून ल्युसर्नला जाणाऱ्या एकदिवसीय सहलीचे दोन भाग असतात : गाइडचा आणि ‘मोकळ्या वेळेचा’. पहिल्यात उंचावलेल्या छत्रीमागे मुकाट चालायचे असते. चौदाव्या शतकातला लाकडी कापेलब्र्यूके पूल दाखवला जातो. १९९३च्या आगीत त्याचा बराच भाग जळाला, हे सांगून होईपर्यंत निम्मी मंडळी सेल्फीत गुंतलेली असतात. मग १७९२मध्ये पॅरिसला मारल्या गेलेल्या स्विस रक्षकांचे स्मारक : कड्यात कोरलेला मरणासन्न सिंह. त्याच्यासमोर दात काढून फोटो काढण्याची प्रथा आहे. दुसऱ्या भागात स्वातंत्र्य मिळते. गाइड ते श्वानेनप्लात्स चौकात, घड्याळांच्या दुकानांपाशीच बहाल करतो. सरोवर फुकट असल्याने ते परतताना बसच्या खिडकीतून उरकले जाते.