चौघांची वेबसाइट

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट-ग्रुप हुशारी बघून जमत नाही. रोल नंबर शेजारचे, नाहीतर तीन वर्षं एकमेकांच्या जर्नलवर निभावलेले, असे चौघं एकत्र येतात. विषय ठरतो: मेसचं ऑनलाइन बुकिंग. एकाकडे फ्रंटएंड, एकीकडे बॅकएंड, तिसऱ्याकडे डेटाबेस. चौथा 'डॉक्युमेंटेशन बघतो', म्हणजे ब्लॅक बुकच्या बायंडिंगचा भाव विचारून येतो.

मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञानं १९६८ मध्येच सांगून ठेवलंय की, माणसांचं आपसांतलं बोलणं जसं, तशीच त्यांनी बांधलेल्या प्रणालीची घडण. तेव्हा वेबचा पत्ताही नव्हता. पण एक्स्टर्नल म्हणून प्रोजेक्ट बघायला बसलो की कॉनवेसाहेब हटकून आठवतात. साइट उघडली की पाच मिनिटांत कळतं, इथं कोण कुणाशी बोलत नाही.

लॉगिन केलं की ठळक अक्षरांत स्वागत होतं: 'नमस्कार, अनडिफाइन्ड!' बॅकएंडवालीनं 'युजरनेम' सगळं स्मॉल लिपीत पाठवलेलं असतं. फ्रंटएंडवाला मधलं 'एन' कॅपिटल धरून तेच मागत असतो. जावास्क्रिप्टच्या लेखी ही दोन वेगळी नावं. भाषा मोठी सोशिक. नसलेली वस्तू मागितली तरी आरडाओरडा न करता 'अनडिफाइन्ड' म्हणून मोकळी होते. ब्रेंडन आइकनं १९९५ मध्ये तिचं पहिलं रूप दहा दिवसांत उभं केलं, तेव्हा सबमिशनच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांच्याच गोत्रातली ती.

दुरुस्ती एका अक्षराची. एक फोन पुरला असता. पण परवाच्या मर्जपासून दोघांत अबोला. लिनस टोरवाल्ड्सनं २००५ मध्ये गिट लिहिलं ते जगभर विखुरलेल्या लिनक्सकारांना एकत्र काम करता यावं म्हणून. आमची मंडळी एकाच बाकावर बसून ते वापरतात आणि तरी एकमेकांचा कोड उडवतात. दोघांनी एकच ओळ बदलली की गिट दोन्ही मजकूर वर-खाली मांडतं, मधे बरोबरच्या सात चिन्हांची रेघ ओढतं आणि हात वर करतं. खरं कोणाचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

इथं चौथा मधे पडतो. त्याला कोड बेताचाच येतो. पण रिपोर्ट लिहायचा म्हणून त्यानं तिघांनाही 'हे नक्की करतं काय?' असं विचारलेलं असतं. सगळ्यांशी बोलणारा तो एकटाच. तो दोघांना एका लॅपटॉपपुढे बसवतो, आणि वर्षभरात पहिल्यांदाच कुणीतरी विचारतं, "तू हे का बदललंस?" वेब डेव्हलपमेंटचा एवढा धडा कुठल्याही व्हिडिओत मिळत नाही.

व्हायवात 'काय शिकलात?' असं विचारण्यात अर्थ नसतो. 'टीमवर्क, सर' हे उत्तर पाठ असतं. मी बॅकएंडचा प्रश्न फ्रंटएंडवाल्याला विचारतो. बहुतेक वेळा तो छताकडे बघतो. पण एखादा म्हणतो, "सर, तिनं ते तसं ठेवलं त्याला कारण आहे," आणि समजावून सांगतो. त्या दिवशी साइट माझ्यासमोर आडवी पडली, तरी मार्क कापायला हात धजत नाही.