ऑफाच्या बांधावर निपाणीकर

निपाणीत जन्मलेल्या माणसाला परक्या मुलखातली सरहद्द दाखवायला नेऊ नये. त्यातून तो बँकेतून निवृत्त झालेला असेल, म्हणजे वेळही भरपूर आणि हिशेबाची खोडही भरपूर, तर मुळीच नेऊ नये. १ नोव्हेंबर १९५६ ला निपाणी म्हैसूर राज्यात गेली. माझ्या सासरी ही तारीख मुलांकडून बाराखडीच्या आधी पाठ करून घेतात. महाजन आयोग, ८६५ गावं, सर्वोच्च न्यायालयातला २००४ चा दावा, हे सगळं मी दादरची असून भाजी निवडता निवडता शिकले.

तर असा हा माणूस इंग्लंड आणि वेल्सच्या सीमाभागात, पैसे भरून, गाईडच्या मागून पायी हिंडायला निघाला. बुकिंग मुलाने बर्मिंगहॅमहून परस्पर करून टाकलं होतं. चालायचे पैसे द्यायचे, हे ह्यांच्या गळी उतरेना. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर होतात, तिथे कुणी पावती फाडत नाही आणि वर पिठलं-भाकरी मिळते, असं ह्यांचं म्हणणं. त्यात कळलं की आमच्या बॅगा रोज गाडीने पुढच्या मुक्कामी जाणार आणि आम्ही तेवढे चालत जाणार.

"मग त्या गाडीत जागा नाही का?" ह्यांनी विचारलं.

"जागा आहे," गाईड म्हणाला. त्याला प्रश्नच कळला नव्हता.

गाईड भूगोलाचा निवृत्त मास्तर. बरोबर यॉर्कशरचं एक जोडपं, कार्डिफच्या एक निवृत्त नर्सबाई, आणि दोन्ही हातांत काठ्या घेऊन बर्फात घसरल्यासारखं चालणारे एक अबोल गृहस्थ. सुरुवात नायटनपासून. गाव वेल्समध्ये, त्याचं रेल्वे स्टेशन इंग्लंडमध्ये, मधे टीम नावाची नदी. हे ऐकताच ह्यांनी खिशातून वही काढली. "गावकऱ्यांनी निवेदन दिलं नाही कधी?" गाईड म्हणाला, "कशाबद्दल?"

इथेच तो प्रसिद्ध बांध आहे, ऑफाज डाइक. मर्सियाचा राजा ऑफा याने ७५७ ते ७९६ राज्य केलं आणि वेल्सच्या बाजूला खंदक, आपल्या बाजूला मातीचा बांध, असा डोंगरदऱ्यांतून घालत नेला. नुसत्या फावड्यांनी! आज त्यावर मेंढ्या चरतात. त्याच्या आधाराने काढलेली २८५ किलोमीटरची पायवाट १९७१ मध्ये नायटनला खुली झाली. उद्घाटक होते जॉन हंट, १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते. ते जवळच राहत. ज्या वाटेची फीत एव्हरेस्टवाल्याने कापली तिचे चढ कसे असतील, याची कल्पना मला पहिल्याच टेकडीने दिली. दुसरीने खात्री पटवली. तिसरी लागली तेव्हा मी मेंढ्यांकडे आदराने बघू लागले.

बांध नेमका कशासाठी घातला, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. लढाईसाठी, जकातीसाठी, की शेजाऱ्यावर नुसता वचक बसावा म्हणून. हे ऐकून आमचे निपाणीकर थबकले.

"बाराशे वर्षं झाली आणि अजून निकाल नाही? आमच्या महाजनांनी वर्षाच्या आत अहवाल दिला होता."

"आणि मग काय झालं?" नर्सबाईंनी कौतुकाने विचारलं.

ह्यांनी बुटाची नाडी बांधायला घेतली.

खरी गंमत अशी की बांध आहे तिथेच आहे, सरहद्द मात्र केव्हाच इकडेतिकडे सरकली. पायवाट तर दोन्ही देशांतून ये-जा करते, वीसहून जास्त वेळा. फाटक ओलांडलं की इंग्लंड, ओढा ओलांडला की वेल्स. ना नाका, ना पोलीस, ना कमान. जुनी कथा अशी की बांधाच्या पूर्वेला वेल्श माणूस सापडला तर इंग्रज त्याचे कान कापत, आणि पश्चिमेला इंग्रज सापडला तर वेल्श त्याला टांगत. कथा संपताच ह्यांनी माकडटोपी कानांवर ओढून घेतली आणि तेव्हापासून दर अर्ध्या तासाने "सध्या आपण कुठे?" हा प्रश्न सुरू झाला. उत्तर वहीत जाई. वेल्समध्ये २००७ पासून डॉक्टरने लिहून दिलेली औषधं फुकट मिळतात आणि इंग्लंडमध्ये नाही, हे कळल्यावर ब्लडप्रेशरच्या गोळीची वेळ ओढा ओलांडेपर्यंत पुढे ढकलावी, असाही विचार ह्यांच्या मनात आला असावा. पाहुण्यांचा त्या योजनेशी काही संबंध नाही आणि गोळ्या पुण्याच्या आहेत, हे मी सांगितलं.

तरीही हे नाराजच होते. सीमा आहे आणि भांडण नाही, ही गोष्ट ह्यांना अर्धवट वाटत होती. दुपारच्या सँडविचबरोबर पाऊस येई. त्याला पाऊस म्हणणं कोल्हापूरच्या पावसाचा अपमान आहे, पण ओलं करण्याचं काम तो चोख करतो. त्या गारठ्यात बसून गाईड म्हणाला की इथून जवळच जमिनीखालून बर्मिंगहॅमचं पाणी जातं. वेल्समधल्या एलान खोऱ्यात धरणं बांधली, शंभरेक माणसं उठवली, भरपाई मिळाली ती फक्त जमीनमालकांना. १९०४ पासून ते पाणी एकही पंप न लावता, केवळ उताराने, ११८ किलोमीटर वाहत बर्मिंगहॅमला पोचतं. सगळा उतार मिळून ५२ मीटर. ताशी दोन मैलांपेक्षाही कमी वेग.

"म्हणजे आपल्याच वेगाने," मी म्हटलं. पण ह्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. चेहऱ्यावर कृष्णा, अलमट्टी, सगळं एकदम उजळलं होतं. त्याच जागी मुलाला फोन लागला.

"तू रोज सकाळी अंघोळ करतोस ते पाणी कुणाचं आहे, माहीत आहे?"

"बाबा, मी मीटिंगमध्ये आहे. बिल भरलंय."

पुढे मॉन्टगोमरीच्या वाटेवर दोन भाषांतली पाटी लागली आणि नर्सबाई आपण होऊन बोलू लागल्या. त्यांच्या तरुणपणी, १९६०च्या दशकाच्या शेवटी, वेल्श भाषेची चळवळ करणारी मुलं रात्री बाहेर पडून इंग्रजी पाट्या हिरव्या रंगाने पुसून टाकत. कोर्टकचेऱ्या झाल्या, तुरुंग झाले, आणि शेवटी पाट्या दोन्ही भाषांत आल्या.

"हिरवा रंग?" ह्यांनी विचारलं. "आमच्याकडे डांबर."

त्यानंतर दोघं चार मैल बरोबर चालले. रंगाला ब्रश लागतो, डांबर फडक्याने होतं, पण हाताला राहतं आणि पोलीस आधी हात बघतात, असली तांत्रिक देवाणघेवाण मला मागून ऐकू येत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, डांबराचा हा अनुभव माझ्या कानांवर प्रथमच येत होता, तोही इंग्रजीतून.

वेल्शपूलजवळचा पोविस किल्ला बघायला आम्ही वाट सोडून गेलो. आत क्लाइव्ह घराण्याने हिंदुस्थानातून आणलेल्या वस्तूंची दालनं आहेत. टिपू सुलतानाचा तंबूसुद्धा आहे. या घराण्याने तो पुढे बागेतल्या मेजवान्यांना मांडव म्हणून वापरला. रॉबर्ट क्लाइव्ह शेजारच्याच श्रॉपशरचा. प्लासीच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, तो आपल्या विजयदुर्गावर आला होता, हे ह्यांनी यॉर्कशरच्या जोडप्याला सुनावलं. तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं ते तेव्हाच. जोडप्याने मनापासून माफी मागितली. मग त्या बाईंनी सहज विचारलं, "पण इंग्रजांना तिथे बोलावलं कुणी?" आता नानासाहेब पेशव्यांचं नाव परमुलखात, परक्यांसमोर घ्यायचं की नाही, हा प्रश्न होता. "बागेतली झाडं फार सुरेख कापलीयत," हे म्हणाले.

शेवटी लॅनिमिनेक. या गावाच्या मुख्य रस्त्यातूनच सरहद्द जाते. डावीकडचे वेल्समध्ये, उजवीकडचे इंग्लंडमध्ये. १८८१ च्या कायद्याने वेल्समधले पब रविवारी बंद झाले. १९६१ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत मतदान घ्यायला लागेपर्यंत तो कायदा टिकला. तितकी वर्षं इथले लोक रविवारची तहान भागवायला कुठे जात होते? रस्ता ओलांडून! निपाणीच्या पंपावर कोल्हापूरच्या गाड्या का दिसतात, हे ह्यांनी यावर समजावून सांगितलं आणि पहिल्यांदाच सगळ्यांना सगळं समजलं.

गावावरच्या टेकडीवर गोल्फचं मैदान आहे. अठरा खड्ड्यांपैकी पंधरा वेल्समध्ये, तीन इंग्लंडमध्ये. चौथ्या खड्ड्यासाठी चेंडू वेल्समधून मारायचा आणि इंग्लंडमध्ये घालायचा. आम्ही कडेच्या पायवाटेवर टेकलो होतो. ह्यांनी थोडा वेळ मैदान न्याहाळलं, वही मिटली आणि विचारलं, "वेल्समधून मारलेला चेंडू इंग्लंडमध्ये कुणाच्या डोक्यात बसला, तर फिर्याद कुठे नोंदवायची?"

गाईड म्हणाला, अर्थात डोकं जिथे आहे तिथे. नर्सबाई म्हणाल्या, मुळीच नाही, हात जिथून उठला तिथे. यॉर्कशरच्या गृहस्थांनी नकाशा पसरला आणि रेघ नेमकी कुठून जाते यावर बायकोशीच वाद घातला. नर्सबाईंनी धरणाचा विषय काढला. अबोल गृहस्थांनी दोन्ही काठ्या जमिनीत रोवल्या, आपण पंचवीस वर्षं वकिली केली आहे असं जाहीर केलं आणि बोलायला सुरुवात केली.

आवाज चढले. ह्यांनी गवतावर ऐसपैस मांडी घातली, थर्मासमधला चहा ओतून घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, चिवडा उरलाय का थोडा?"