बावनकशी गढा

जबलपूरच्या गढ्यात कुठलीही गोष्ट 52 च्या खाली उतरत नाही. गोंड राजा संग्रामशाहाचे गड 52. 1857 साली इथल्या छावणीत असलेली कंपनी सरकारची पलटण 52 वी. 1939 चं त्रिपुरी काँग्रेसचं अधिवेशन 52 वं, म्हणून मिरवणुकीत रथाला जुंपलेले हत्तीही 52. आणि 5 ऑक्टोबर 2023 रोजी, इथल्या गोंड राणी दुर्गावतीच्या पाचशेव्या जयंतीचा मुहूर्त धरून पंतप्रधानांनी ज्या स्मारकाचं भूमिपूजन केलं, त्यातला ब्राँझचा पुतळा 52 फुटांचा. जागा 21 एकर, खर्च 100 कोटी. विधानसभेचं मतदान तेव्हा सहा आठवड्यांवर आलं होतं. हा योगायोग मानण्याइतके आम्ही सज्जन आहोत.

आदिवासींचा सन्मान सध्या जोरात आहे. अट एकच, सन्मान घेणारा निदान दीडशे वर्षांपूर्वी वारलेला असावा. राणी 1564 मध्ये नर्रई नाल्यापाशी मोगलांशी लढता लढता गेली. तिच्या नावाने विद्यापीठ आहे, आता उद्यानही होईल. जिवंत माणसाची अडचण अशी, की त्याला उद्यान नको असतं, घर हवं असतं. मदन महालच्या पहाडावर हातावर पोट असलेल्यांनी अशी घरं बांधली होती. हायकोर्टाचे आदेश आले, 2018-19 च्या सुमारास जेसीबी आले, आणि शेकडो कुटुंबं तिलहरीकडे, तेवरकडे रवाना झाली. याचिका पहाड आणि त्याचा वारसा वाचवण्यासाठी होत्या. हेतूबद्दल शंका नाही. पहाड खरोखरच वाचला. तिथला एका शिळेवर दुसरी शिळा तोलून उभा असलेला बॅलन्सिंग रॉक 1997 च्या भूकंपातही हलला नाही, हे इथे प्रत्येक पाहुण्याला अभिमानाने ऐकवतात. शेजारची माणसं मात्र एका नोटिशीत हलली.

अतिक्रमणाचा विषय निघालाच आहे तर गढ्याचं सगळंच रेकॉर्ड काढावं लागेल. मोगलांचं झालं. त्यानंतर 1781 मध्ये इथलं गोंड राज्य खालसा केलं ते सागरच्या मराठ्यांनी. तेव्हा पुतळ्यापुढे नारळ फोडायला गर्दी करणाऱ्या मराठी मंडळींनी जरा मागच्या रांगेत उभं राहावं.

याच गोंड घराण्याचे शेवटचे मानकरी राजा शंकरशाह गढ्याजवळ पुरव्याला पेन्शनवर राहत. 1857 मध्ये साहेबाला संशय आला. त्याने एका चपराशाला फकिराचा वेश देऊन राजाकडे धाडलं. मग झडती झाली. मुद्देमालात सापडलं काय, तर एका थैलीत एक कविता. देवीने इंग्रजांचा संहार करावा, अशी प्रार्थना. 18 सप्टेंबरला शंकरशाह आणि मुलगा रघुनाथशाह, दोघांनाही तोफेच्या तोंडी दिलं. त्या रात्री 52 वी पलटण बंड करून निघून गेली.

अलीकडे दर 18 सप्टेंबरला मोठमोठे नेते इथे हार घेऊन येतात. 2021 मध्ये केंद्रीय गृहमंत्री आले होते. 2024 च्या नोव्हेंबरात बापलेकांच्या नावाच्या संग्रहालयाचं लोकार्पणही झालं. प्रार्थनेला राजद्रोह ठरवणारं सरकार किती रानटी, हे शाळेतल्या पोरांना तिथे दाखवता येईल. सहलीनंतर पोरांनी स्वतः कविता करू नये एवढं पालकांनी पाहावं. वेश पालटून घरात शिरणाऱ्या चपराशाची नोकरी आता फोनमधल्या सॉफ्टवेअरने घेतली आहे. बेरोजगारीचा हा एक पैलू अर्थतज्ज्ञांच्या नजरेतून सुटला.

तिकडे आपल्या महाराष्ट्रानेही 10 जुलै 2025 ला विधानसभेत विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटनांपासून जनतेला वाचवणारं. 288 च्या सभागृहात मार्क्सवादी पक्षाचे आमदार किती? एक, डहाणूचे. विरोधही त्यांनी एकट्यानेच केला. बाकीचे विरोधक सभागृहाबाहेर आल्यावर विधेयक किती भयंकर आहे ते कॅमेऱ्यापुढे सांगू लागले. एका आमदारासाठी अख्खा कायदा! डाव्यांचा इतका आदर तर डाव्यांनीही कधी एकमेकांचा केला नाही.

त्यांच्या आपापसातल्या आदराचा इतिहास पाहायचा तर गढ्यासारखी जागा नाही. आमच्या गल्लीत एक कॉम्रेडकाका आहेत. तीन पिढ्यांपूर्वी नागपूरकडून आलेलं घर, गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त, ‘अरे यार’ आणि ‘वर्गीय अंतर्विरोध’ एकाच वाक्यात बोलणारे. त्रिपुरी चौकातून जाताना ते नेहमी 1939 वर येतात. सुभाषबाबू गांधीजींच्या उमेदवाराला 1580 विरुद्ध 1377 मतांनी हरवून अध्यक्ष झालेले. अधिवेशनाला आले ते तापाने फणफणलेले, स्ट्रेचरवर. म्हणून 52 हत्तींच्या रथात बसवलं त्यांचं छायाचित्र. तिकडे मांडवात गोविंद वल्लभ पंतांचा ठराव आला, की अध्यक्षांनी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. ज्यांच्या भरवशावर सुभाषबाबू जिंकले, त्या डाव्यांतले काँग्रेस समाजवादी ऐन मतदानाला तटस्थ राहिले. एप्रिल संपायच्या आत अध्यक्षांनी राजीनामा दिला.

“काका, समाजवादी तटस्थ का राहिले हो?”

“अरे यार, परिस्थितीचं मूल्यमापन चालू होतं त्यांचं.”

“आणि आता?”

“चालूच आहे.”

जबलपूरने मात्र सुभाषबाबूंचं ऋण ठेवलं नाही. गढ्यातलं मेडिकल कॉलेज त्यांच्या नावाचं, आणि ज्यात त्यांना इंग्रजांनी डांबलं तो सेंट्रल जेलही त्यांच्याच नावाचा. डाव्या कार्यकर्त्याला आयुष्यात लागणाऱ्या दोन्ही सोयी एका नावाखाली.

एकजूट होतच नाही असंही नाही. 2021 मध्ये केंद्राने देशातल्या 41 आयुध निर्माण्या मोडून सात कंपन्या करायचं ठरवलं. जबलपुरात घर तिथे फॅक्टरीवाला. गन कॅरेज 1904 पासून तोफगाडे बनवते, मग खमरिया, मग व्हेईकल. डाव्यांचा महासंघ, काँग्रेसवाल्यांचा महासंघ आणि संघवाल्यांचा महासंघ, असे तिघे चक्क एका बाजूला आले आणि 26 जुलैपासून बेमुदत संपाची हाक दिली. असं एकमत या तिघांत चहाच्या साखरेवरूनही झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. सरकारलाही ते सहन झालं नाही. 30 जूनला वटहुकूम निघाला: संप करणाऱ्याला वर्षभर कैद, चिथावणाऱ्याला दोन वर्षं. 1 ऑक्टोबरला कंपन्या सुरू. खमरियाचा दारूगोळा आता पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाच्या खात्यावर जमा होतो. तीन महासंघ आपापल्या कार्यालयांत परतले आणि एकजूट नेमकी कुणी फोडली यावर तिघांनी तीन पत्रकं काढली असावीत, असा आमचा अंदाज आहे. काकांकडे त्यांतलं एक नक्की असेल. मागायची हिंमत होत नाही, कारण ते वाचून दाखवतात.

खरी गंमत शहराच्या दक्षिणेला आहे, नर्मदेवर. बरगी धरण 1990 मध्ये भरलं. कागदावर बुडणार होती 101 गावं; पाणी कागद वाचत नाही, बुडाली 162. काहींना ज्या जागी वसवलं त्या जागाही पाण्याखाली गेल्या. सिंचनाच्या स्वप्नासाठी जमीन दिलेले गोंड शेतकरी जबलपुरात येऊन सायकलरिक्षा ओढू लागले. म्हणजे राणीच्या गढ्यात तिची रयत परत आली, फक्त पायडलवर. बाकीचे धरणाच्या काठाने वर सरकत राहिले. त्यांच्यातल्या मंडला जिल्ह्यातल्या चुटका गावाला 2009 पासून नवी खूशखबर आहे: त्यांच्याच जमिनीवर 1400 मेगावॉटचा अणुप्रकल्प. धरणासाठी उठलात, आता धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या भट्टीसाठी उठा. ग्रामसभांनी नाही म्हणून ठराव केले. 2013 मध्ये जनसुनावणी दोनदा ठरली, दोनदा गावकऱ्यांनी रद्द करायला लावली. 2014 च्या फेब्रुवारीत ती पार पडली, ती तगड्या पोलीस बंदोबस्तात. जनतेचं म्हणणं ऐकायचं म्हटलं की जनतेपेक्षा पोलीस जास्त लागतात, हा प्रशासनाचा जुना अनुभव आहे. अजून तिथे वीज तयार झालेली नाही, लोकही हललेले नाहीत.

मध्यंतरी काकांच्या ओसरीवर चुटक्याला पाठिंब्याची बैठक झाली. नऊ माणसं, पाच संघटना. पहिला तास गेला तो पत्रकावर कोणाचं नाव आधी, यात. दुसऱ्या तासाला अणुऊर्जेला तत्त्वतः विरोध की केवळ खासगी भांडवलाला, असा प्रश्न निघाला. सोव्हिएत अणुभट्ट्यांचा उल्लेख झाल्यावर दोघे उठून गेले. प्रकल्प सरकारीच कंपनीचा आहे हे कुणीतरी सांगितल्यावर आणखी एक गेला. कोपऱ्यात धरणग्रस्तांपैकी एक म्हातारा मघापासून पोहे खात बसला होता. काकांनी त्याला अत्यंत आपुलकीने विचारलं, “दादा, आप लोग वहाँ किस लाइन के हैं?”

म्हातारा म्हणाला, “बाबूजी, डूब की लाइन के.” आणि शेवटची बस चुकू नये म्हणून निघाला.

ती नवी लाइन कोणती, तिच्याशी आघाडी करता येईल का, यावर पुढल्या रविवारी चर्चा आहे. सर्वांनी वेळेवर यावं.