जातो नव्हे, येतो म्हणावं

घराबाहेर पडताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, हे आमच्या आक्कानं आम्हा दोघा भावांना लाटण्याच्या धाकानं शिकवलं. पेठेतून चहाची पुडी आणायला निघालो तरी 'येतो'. ही शिस्त फक्त आपल्याकडं आहे अशी माझी समजूत होती. यंदा कळलं, अमेरिकेनं ती इमिग्रेशनच्या कायद्यातच घातलीय. कलम २१४ (ब). व्हिसा मागायला आलेलं पोरगं कायमचं राहायलाच निघालंय असं साहेबानं धरून चालायचं, आणि तसं नाही हे पोरानं पटवून द्यायचं. थोडक्यात काय, 'येतो' म्हण, आणि पुराव्यानिशी म्हण.

दादाच्या पोराचं इंजिनिअरिंग झालं आणि एमएसला अमेरिकेला जायचं ठरलं, तेव्हा आम्हाला वाटलं पोरगं अर्ज करणार. प्रत्यक्षात अर्ज सगळ्या घरानं केला. सांगलीजवळच्या माधवनगरातलं आमचं घर म्हणजे पुढं ओसरी, मागं शेड आणि शेडमध्ये दादाचे चार यंत्रमाग. या सगळ्या प्रकरणात पोरापेक्षा जास्त राबले ते हे माग, म्हणून त्यांची ओळख आधीच करून दिलेली बरी.

सुरुवात एसओपीपासून. एसओपी म्हणजे 'मला का शिकायचंय' या विषयावर निबंध. त्यासाठी सांगलीत एका सल्लागारांकडं गेलो. वधूवर सूचक मंडळात जमलेल्या जोडप्यांचे फोटो लावतात, तसे यांच्या भिंतीवर व्हिसा मिळालेल्या पोरांचे फोटो. त्यांनी पोराला पहिलाच प्रश्न टाकला, "लहानपणी काय खोललंवतंस?"

पोरगं गडबडलं. त्यांनी समजावलं, की चांगल्या एसओपीत पोरानं सातव्या वर्षी रेडिओ खोललेला असतो. निदान मिक्सर तरी.

"घरात माग आहेत," मी मदत केली.

"मग आधी नाही सांगायचं!"

आठ दिवसांत निबंध आला. त्यात आमचा पुतण्या मागांच्या खटखटाटात लहानाचा मोठा झाला, त्या लयीत त्याला यंत्रांची भाषा उमगली, आणि आता ऑटोमेशन शिकून तो जगभरच्या विणकरांचं आयुष्य बदलणार होता. वास्तविक ह्या खटखटाटाला वैतागून बारावीच्या वर्षी तो विश्रामबागला आत्याकडं राहायला गेला होता आणि शेडमध्ये शेवटचा शिरला तो क्रिकेटचा बॉल शोधायला.

मग शिफारसपत्रं. ती तीन लागतात, तीन प्राध्यापकांची, गोपनीय. तिन्ही सर एकमुखानं म्हणाले, "तूच लिहून आण, मी नजर टाकतो." पोरगं रात्री स्वयंपाकघरात बसून तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून स्वतःचं कौतुक करत होतं. पहिल्या पत्रात तो कष्टाळू होता, दुसऱ्यात बुद्धिमान. तिसऱ्यापर्यंत पहाटेचे दोन वाजले आणि विशेषणं संपली. तेव्हा त्यानं लिहिलं, की इतका नम्र विद्यार्थी मी पंचवीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही. पत्रं झाली, तर कळलं की ती कॉलेजच्या ईमेलवरूनच जावी लागतात, आणि एका सरांचा पासवर्ड ज्या क्लार्कला ठाऊक तो मेव्हण्याच्या लग्नाला गेलाय. आम्ही निर्धास्त होतो. मुदत ही वाढवण्यासाठीच असते, हे चिंतामणीनगरच्या रेल्वेपुलानं आम्हाला चांगलं शिकवलंय. तिकडच्या १५ डिसेंबरला मात्र फक्त पंधराच तारीख असते, आणि तीही त्यांच्या घड्याळानं. शेवटी त्या क्लार्कनं मांडवातून, अक्षता हातात असताना, फोनवर पासवर्ड सांगितला.

प्रवेश मिळाला. आता पैसे.

पैशाला तिकडं 'फंडिंग' म्हणतात, म्हणजे मागायला लाज वाटत नाही. सरकारी वाटा पाहिल्या. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या मुलांसाठी, वर्षाला ७५ जागा. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज, १२५ जागा, तीही ठरावीक प्रवर्गांसाठी आणि सबंध देशात मिळून. ज्यांचा हक्क आहे त्या पोरांनासुद्धा या आकड्यांत चेंगरावं लागतं. आमच्याकडं साध्या बारशाच्या पंगतीला ७५ पानं पहिल्याच वेळेला उठतात. आमचं पोरगं यातल्या कुठल्याच रांगेत बसत नव्हतं.

राहिली असिस्टंटशिप. प्रोफेसरच्या हाताखाली आठवड्याला वीस तास काम करायचं, बदल्यात फी माफ आणि वर महिना पगार. वाचून दादा म्हणाला, "अरे, ही तर आपल्या कर्मवीर अण्णांची 'कमवा आणि शिका'!" खरंच की. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, साताऱ्यात पोरांना खोरं-पाटी हातात देऊन शिकवलं. तेव्हा त्याला गरिबाघरची सोय म्हणत. तीच सोय डॉलरमध्ये झाली की पेढे वाटतात.

पोरानं चाळीस प्रोफेसरांना मेल टाकले. तिघांची उत्तरं आली. दोघांनी शुभेच्छा दिल्या. तिसऱ्यानं मुलाखतीची वेळ दिली, त्यांच्या सकाळी अकराची, म्हणजे आमच्या रात्री साडेनऊची. दादानं माग बंद ठेवले, वहिनींनी कुकर लावला नाही, आक्काला मालिका आवाज बंद करून बघायला लावली. एवढं करून शेजारच्या शेडमधली रात्रपाळी सुरूच होती. प्रोफेसरनं विचारलं, हा आवाज कसला? पोरानं एसओपीला जागून सांगितलं, यंत्रमागाचा. माणूस खुर्चीत पुढं सरकला. धोटा मिनिटाला किती वेळा फिरतो? सूत तुटलं तर माग आपोआप थांबतो का? पोराच्या चेहऱ्यावर घाम. ज्या लयीत यंत्रांची भाषा उमगली होती, तिच्यातलं एक अक्षर आठवेना. दाराआडून दादा कुजबुजला, "एकशेतीस म्हण." पुढची दहा मिनिटं दादा कुजबुजत होता आणि पोरगं इंग्रजी करत होतं. शेवटी प्रोफेसर फार खूश झाला. माझी खात्री आहे, इंग्रजीची अट नसती तर त्यानं दादाला घेतलं असतं. चार दिवसांनी मेल आला: आपल्याशी बोलून आनंद झाला, तूर्त निधी उपलब्ध नाही.

मग बँक. परदेशाचं कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण लागतं, आणि एकूण खर्चातले पंधरा टक्के घरचे घालावे लागतात. त्याला मार्जिन म्हणतात. दादानं नांद्र्याकडच्या वीस गुंठ्यांचा सातबारा पुढं केला.

"शेतजमीन चालत नाही. एनए प्लॉट आहे का?"

"हळद आहे साहेब त्यात."

"हळदीवर पाहिजे असेल तर पलीकडचं टेबल."

मग घर. ते आजोबांच्या नावावर, वारस पाच. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, पाचही जणांच्या सह्या. विश्रामबागच्या आत्यानं सही केली, पण बारावीला वर्षभर ठेवून घेतलं होतं ते सगळ्यांसमोर एकदा बोलून दाखवून. शेवटी दादा भीत भीत म्हणाला, चार माग पण आहेत.

"कुठल्या सालचे?"

"अठ्ठ्याऐंशी."

"मग आमच्या दृष्टीनं ते नाहीत."

कागद पुरे झाल्यावर साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि आवाज उतरवून विचारलं, "मुलगा शिकून लगेच परत नाही ना येणार?" कारण साधं. शिक्षणानंतर एक वर्ष कामाची परवानगी, विज्ञान-तंत्रज्ञान असेल तर वर आणखी २४ महिने. त्या तीन वर्षांच्या डॉलरवर हप्त्याचं गणित बसवलेलं. पोरगं माधवनगरात येऊन बसलं तर हप्ता कशातनं भरणार? दादा ताडकन म्हणाला, "छे हो! परत कशाला येतोय तो!"

त्या दिवसापासून वहिनींनी कागदांच्या दोन पिशव्या केल्या. एक 'न येणारी', बँकेची. दुसरी 'येणारी', वकिलातीची. दोन्हींत तेच पोरगं, त्याच सह्या. फक्त एकीत ते तिकडं रुजणार होतं आणि दुसरीत त्याचा इथं जीव अडकला होता. दोन्ही पिशव्या एकाच साडीच्या दुकानाच्या असल्यानं अदलाबदल होईल या भीतीनं वहिनींना झोप लागेना.

'येणाऱ्या' पिशवीचं काम दांडगं. २०२५च्या जूनपासून सोशल मीडियाची खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवायला सांगतात. पोराच्या खात्यावर विसर्जन मिरवणुकीत डॉल्बीपुढं नाचतानाचा व्हिडिओ होता, खाली आत्याची कॉमेंट: 'हाच का तो अभ्यास'. काढावं की ठेवावं यावर रात्रभर खल झाला. मायदेशाशी घट्ट नातं सिद्ध होतंय म्हणून ठेवलं.

पोराला धीर यावा म्हणून मी इतिहास काढला. म्हटलं, 'येतो' म्हणून जाणारा तू पहिला नाहीस. १८८३ साली आनंदीबाई जोशी निघाल्या, तेव्हा सेरामपूरला भरसभेत उभं राहून सांगावं लागलं होतं, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. १८८६ला डॉक्टर होऊन त्या आल्याही. आपल्या कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूक ठरली होती. रुजू व्हायच्या आधीच, फेब्रुवारी १८८७मध्ये गेल्या. साताऱ्याच्या शाळेत नाव घातलेले भीमराव आंबेडकर १९१३ला कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर: महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी, असा सही करून दिलेला करार. २१४ (ब)चा यापेक्षा पक्का पुरावा कुणी दिला असेल? १९१७ला ते शब्दाप्रमाणे बडोद्याला हजर झाले. नोकरी होती, पण गावात राहायला कुणी खोली देईना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तिथून लाठ्या घेऊन आलेल्या माणसांनी बाहेर काढलं.

"म्हणजे परत येणाऱ्यांनी पुरावा दिला," पोरगं म्हणालं, "ठेवून घेणाऱ्यांकडं कुणी मागितलाच नाही." एसओपीत घालण्यासारखं वाक्य होतं, पण अर्ज गेला होता.

मुंबईला निघायच्या आधल्या रात्री मी ओसरीवर साहेब झालो. दादाचा चष्मा लावला.

"पैसे कोण देणार?"

"वडील."

"शिकून परत का येशील?"

पोरानं सल्लागारांनी पाठ करून घेतलेलं म्हणून दाखवलं: आमचा कुटुंबाचा वस्त्रोद्योग आहे, घरातला मी एकुलता वारस, तो मला पुढं न्यायचाय.

दादानं घसा साफ केला. "माग मंगळवारी गेले," म्हणाला.

सेव्हिस नावाच्या सरकारी नोंदणीचे ३५० डॉलर, व्हिसाचे १८५, विद्यापीठाचं डिपॉझिट, मार्जिनमधला खड्डा. चारही माग भंगाराच्या भावानं, किलोवर. सकाळी टेम्पो आला तेव्हा पोरगं आत बसून परत येण्याची कारणं पाठ करत होतं. मागं शेडकडं बघितलं. खटखटाट नव्हता, दादाची स्कूटर उभी होती. गावातली कॉटन मिल बंद पडली तेव्हा माधवनगरला जसं गप्प वाटलं होतं, तसंच काहीतरी ओसरीवर पसरलं. मी चष्मा काढून ठेवला. दुसरा प्रश्न सुचेना.

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं बापलेक मुंबईला गेले. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत फोन आत नेता येत नाही, म्हणून दादा बाहेर फूटपाथवर दोन्ही पिशव्या मांडीवर घेऊन बसला. हो, दोन्ही, वहिनींनी असू दे म्हणून दुसरीही दिली होती. पोरगं दोन तासांनी बाहेर आलं, त्यातली खिडकीवरची मिनिटं दोन. कुठलं विद्यापीठ? पैसे कोण देणार? वडील काय करतात? "टेक्स्टाइल," पोरगं म्हणालं. साहेबानं पासपोर्ट ठेवून घेतला, व्हिसा मंजूर. परत का येशील, हे त्यानं विचारलंच नाही. पिशवीतला एकही कागद मागितला नाही, सर्च रिपोर्ट बघितला नाही, आत्याची सही वाया गेली. वर्षभर सगळं घर ज्या प्रश्नाची तयारी करत होतं, तो फक्त आमच्याच ओसरीवर विचारला गेला होता.

ऑगस्टमध्ये पोरगं निघालं. वहिनींनी हातावर दही घातलं. दोन्ही बॅगा तेवीस तेवीस किलोच्या, शेजारच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर तोललेल्या. उंबऱ्यात गडबडीत ते म्हणालं, "चला, जातो."

"येतो म्हण," आक्का आतून ओरडली.

"येतो."

नशीब, बँकेचे साहेब तिथं नव्हते. त्यांनी जागेवर आणखी एक जामीनदार मागितला असता.